पुराभिलेखागारातला शोध आणि नक्कल: कुठे जायचं, काय मागायचं, कुठे चुकतं

“आमच्या घराण्याचे कागद बघायचे आहेत.”

जुने सरकारी कागद जपणाऱ्या पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला लोक आजही पेशवे दप्तर म्हणतात, एवढीच मागणी घेऊन गेलेला माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येतो. कागद नसेलच असं नाही. पण गाव कुठलं, परगणा कुठला, साधारण कोणत्या सालचा कागद, असं विचारलं की त्याला उत्तर देता येत नाही. त्याच्याकडे असतं आडनाव, आणि दप्तर आडनावावर लावलेलं नाही. ज्या कचेरीने ज्या कामासाठी कागद लिहिला, त्या कामाच्या गठ्ठ्यात तो आजही बांधलेला आहे. म्हणून आधी कचेरी शोधायची, मग गाव, मग साल आणि सगळ्यात शेवटी नाव. बहुतेक जण नेमकं उलट्या टोकाने सुरू करतात.

दुसरी चूक नकलेची. कागद सापडतो, मोबाइलवर फोटो निघतो, माणूस खुशीत घरी येतो. सहा महिन्यांनी वकील किंवा जात पडताळणी समिती “प्रमाणित प्रत आणा” म्हणते, तेव्हा त्या फोटोवरून रुमाल क्रमांक (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) काही केल्या कळत नाही.

## १. काय हवं आणि कशासाठी हवं, हे आधी लिहून काढा

वहीच्या एका पानावर चार ओळी लिहा: कोणाबद्दल किंवा कोणत्या जमिनीबद्दल, कोणतं गाव, कोणता काळ, आणि कागद कशासाठी. पहिल्या तीन ओळी कोणीही लिहितो. चौथी राहून जाते, आणि पुढचा सगळा रस्ता तिच्यावरच ठरतो.

प्रबंधासाठी किंवा कुळवृत्तांतासाठी कागद हवा असेल तर वाचून टिपण घेणं किंवा साधी प्रत पुरते. दाव्यात दाखल करायचा असेल तर प्रमाणित प्रतच लागते. जातीच्या दाखल्यासाठी हवा असेल तर नोंद कोणत्या तारखेच्या आधीची आहे, हे महत्त्वाचं. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा धरल्या जातात. ओबीसी दाखल्यासाठी १७८० सालचा कागद शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या पणजोबांची नोंद तालुक्याच्या गावी, घरापासून बारा किलोमीटरवर होती.

तपासून घ्या: पिढ्यांची साखळी कागदावर मांडा. तुम्ही, वडील, आजोबा, पणजोबा, आणि प्रत्येक दुव्याला आज हातात कोणता पुरावा आहे ते. जो दुवा तुटलेला आहे तेवढाच शोधायचा असतो.

## २. कागद कोणत्या कचेरीत जन्मला, ते ठरवा

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे वाया जातात. “जुना कागद म्हणजे पुराभिलेखागार” हा समज चुकीचा आहे. शंभर वर्षांचा कागदही अजून तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातच असू शकतो.

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. जुन्या वह्यांत जातीचा रकाना असतो, म्हणून त्यांना एवढी मागणी. या वह्या प्रामुख्याने तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायच्या. शाळेचा दाखला हवा असेल तर त्या शाळेचं जनरल रजिस्टर. शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी.

जमिनीचे कागद. जुने सातबारा, फेरफार आणि कुळाच्या नोंदी तहसीलकडे. मोजणीचे कागद (टिपण, गुणाकार बुक, फाळणी, आकारफोड, आकारबंद, गाव नकाशा) उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे. या दोन कचेऱ्या अनेकदा एकाच आवारात असतात, म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मागतात आणि अर्ज अर्धा निकाली निघतो. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि सेतवार, विदर्भात मिसल बंदोबस्त आणि निस्तार पत्रक अशी नावं आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्राने लिहून दिलेला अर्ज विदर्भात तसाच देऊ नका.

खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र. दुय्यम निबंधक. इथे सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्तांची यादी) आधी पाहायची, मग दस्त.

पेशवाईतला गावगाडा, इनामं (सरकारने बहाल केलेल्या जमिनी), वतनं (पिढीजात हक्क). पुणे पुराभिलेखागार. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनचे कागदही इथेच. घराण्याकडे इनाम जमीन होती असं ऐकून असाल तर मी आधी या कागदांकडे वळेन, कारण इनाम कायम राहावं म्हणून दिलेल्या कैफियतींबरोबर, म्हणजे लेखी निवेदनांबरोबर, वंशावळी जोडलेल्या सापडतात.

मुंबई इलाख्याच्या सचिवालयाचा पत्रव्यवहार. मुंबई पुराभिलेखागार. इथलं दप्तर इंग्रजी आणि खातेवार: महसूल, न्याय, राजकीय, सार्वजनिक असं. आजोबांचं नाव इथे सापडणं कठीण. तालुक्यातल्या दुष्काळाचा, धरणाचा, दंग्याचा अहवाल मात्र सापडतो.

संस्थानी आणि मुंबई इलाख्याबाहेरचा मुलूख. कोल्हापूर संस्थानाचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी नागपूर. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं कार्यालय पाहायचं, पण निजाम सरकारचं मूळ दप्तर हैदराबादला, तेलंगणच्या राज्य अभिलेखागारात आहे, आणि ते मोठ्या प्रमाणावर फारसी-उर्दूत आहे.

केंद्र सरकारची खाती. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. त्याची सूची आणि बरेच स्कॅन ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आहेत. तिकीट काढण्याआधी तिथे शोधून घ्या.

पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थांतही अस्सल कागद भरपूर आहेत. अभ्यासाला ते उत्तम. मात्र न्यायालयासाठी कागद हवा असेल तर वकिलाला आधी विचारा. सरकारी दप्तरातल्या सार्वजनिक दस्ताची प्रमाणित प्रत आणि खाजगी संस्थेने दिलेली प्रत या दोन्हींचं वजन न्यायालयात एकसारखं धरलं जात नाही.

## ३. गावाचा जुना पत्ता काढा

आजचा जिल्हा-तालुका दप्तरात चालत नाही. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये झाले, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, वाशीम आणि नंदुरबार १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. वेंगुर्ल्याचा १९३० सालचा कागद रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाखालीच मिळेल. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. जळगाव-धुळे म्हणजे पूर्व आणि पश्चिम खानदेश. सांगली जिल्ह्यातली पुष्कळ गावं १९५० च्या आसपासच्या कागदांत ‘दक्षिण सातारा’ म्हणून येतात, त्यामुळे नुसता ‘सातारा’ शब्द पाहून गठ्ठा बाजूला टाकू नका.

१८१८ च्या मागे गेलात की तालुका हा शब्दच सोडा. तिथे प्रांत, परगणा, तर्फ हे मुलखाचे मोठे-लहान विभाग, कसबे म्हणजे भागातलं मुख्य गाव आणि मौजे म्हणजे साधं गाव. एकाच नावाची दहा गावं असतात. ‘मौजे वडगाव’ एवढ्यावर कोणीही काही काढून देऊ शकणार नाही, ‘मौजे वडगाव तर्फ अमुक प्रांत तमुक’ हवं. हा पत्ता घरातल्याच एखाद्या जुन्या कागदावर, देवळाच्या इनामाच्या सनदेत किंवा जुन्या गॅझेटिअरमध्ये मिळतो.

तपासून घ्या: शेजारच्या चार गावांची नावंही लिहून न्या. जुन्या यादीत तुमच्या गावाचं नाव वेगळं लिहिलेलं असेल, तर शेजाऱ्यांवरून ते ओळखता येतं.

## ४. सन ओळखा, नाहीतर एका वर्षाने चुकाल

इथे घाई करू नका. मराठी दप्तरात चार-पाच सन चालतात: शालिवाहन शक, सुहूर सन (याला अरबी सनही म्हणतात), फसली, हिजरी आणि क्वचित राज्याभिषेक शक. ढोबळ गणित असं: शकात ७८ मिळवा, सुहूरमध्ये ५९९, फसलीत ५९०. पण हे झालं वर्षाच्या पहिल्या भागापुरतं. इंग्रजी वर्ष जानेवारीत बदलतं, शक चैत्रात, आणि सुहूर-फसली मृग लागला की, म्हणजे साधारण जूनच्या सुरुवातीला. म्हणून जानेवारीपासून तो सन बदलेपर्यंतच्या महिन्यांत एक जास्त मिळवायचा: शकात ७९, सुहूरमध्ये ६००, फसलीत ५९१.

एक कागद घेऊन बघू. तारीख आहे “छ १० मोहरम सन सलास सबैन मया व अलफ”. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तिथी. पुढचं साल अरबी संख्याशब्दांत, आणि एककाकडून हजाराकडे वाचायचं: सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झालं सुहूर ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२, आणि बहुतेक जण इथेच थांबून ‘१७७२’ लिहून मोकळे होतात. पण मोहरम महिना इंग्रजी वर्षात दर साली मागे सरकतो. जून १७७२ ते जून १७७३ या सुहूर वर्षात तो मार्चच्या अखेरीस सुरू झाला होता. म्हणजे हा कागद १७७३ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. महिन्याचं कोष्टक पाठ करण्यात अर्थ नाही. जंत्री (वेगवेगळ्या सनांच्या तारखा जुळवून दिलेलं पुस्तक) उघडायची आणि तारीख मिळवायची.

मराठवाड्यातल्या निजामी कागदांत फसली साल आजूर महिन्याने, ऑक्टोबरात सुरू होतं. तिथे मृगाचा हिशेब लावू नका.

सावध: नकलेच्या अर्जात मूळ कागदावरची तारीख जशीच्या तशी लिहा आणि तुम्ही काढलेली इंग्रजी तारीख वेगळी दाखवा. चुकलीच तर तुमची चुकेल, कागदाची नाही.

## ५. घरी बसून होईल ते घरीच करा

पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ च्या दरम्यान सरकारने छापले. तुमचा विषय राजकारणाचा किंवा लढायांचा असेल तर आधी ते पाहा. मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची जलद लिपी, वाचण्याचे आठवडे वाचतील. गावकीच्या, जमीनजुमल्याच्या कामात त्यांचा उपयोग कमी.

महसुली कागदांसाठी राज्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. सगळ्या गावांचे नाहीत. तिथे दिसलं नाही म्हणजे कागद नाही, असा अर्थ काढू नका. स्कॅन झालं नसेल, किंवा शेजारच्या गावाच्या नावावर चढलं असेल. एका ओळखीच्यांचा फेरफार असाच भलत्याच मौजेत निघाला होता.

## ६. परवानगी आणि तयारी

जाण्याआधी फोन करा. सुट्टी आहे का, वाचनकक्ष चालू आहे का, हवी ती शाखा सध्या पाहायला मिळते का, एवढे तीन प्रश्न. दुरुस्तीसाठी किंवा स्कॅनिंगसाठी गठ्ठे बाहेर गेले असतील तर गेल्यावर कळून काय उपयोग?

सोबत न्यायचं: ओळखपत्र आणि त्याची प्रत, दोन फोटो, विषय लिहिलेला अर्ज, विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकाचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र. अर्जातला विषय फार अरुंद लिहू नका. ‘शके १६९४ मधील अमुक गावचा महजर’ (महजर म्हणजे गावसभेच्या निवाड्याचा कागद) असं लिहिलंत तर पुढच्या रुमालासाठी पुन्हा अर्ज करावा लागू शकतो. ‘अमुक परगण्यातील गावांची वतनं व इनामं, १७५० ते १८६०’ असं लिहा.

पेन्सिली दोन, खोडरबर, वही, भिंग. पेन बाहेर ठेवायचं. बोट ओलं करून पान उलटायची सवय असेल तर ती दारातच सोडा: मोडी कागदांची काळी शाई काजळीची असते आणि पाणी लागलं की पसरते. गंमत म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा हातकागद बराच दणकट असतो. खरा जपायचा तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा गिरणी कागद, घडीवर हात लावला की तुकडा हातात येतो.

## ७. वाचनकक्षात: सूची, मागणी चिठ्ठी, रुमाल

१. आधी सूची मागा. रुमाल नको, सूची. कोणत्या शाखेत तुमच्या प्रांताचे रुमाल आहेत आणि त्यांचे क्रमांक काय, हे तिथून उतरवा. पहिला अख्खा दिवस यात गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

२. कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारा, पण नेमका. “अमुक प्रांताचे इनाम कमिशनचे रुमाल कोणत्या यादीत आहेत?” याला उत्तर मिळतं. “आमचे कागद कुठे असतील?” याला मिळत नाही. वर्षानुवर्षं रुमाल काढणाऱ्या शिपायाला जे माहीत असतं ते सूचीत नसतं; त्याच्याशी नीट बोला.

३. मागणी चिठ्ठीवर शाखेचं नाव आणि रुमाल क्रमांक स्पष्ट लिहा. एका वेळी मिळतील तेवढेच मागा.

४. रुमाल सोडताना वरची चिठ्ठी आणि आतल्या पुडक्यांचा क्रम मोबाइलवर टिपायची परवानगी असेल तर टिपा, नसेल तर लिहून ठेवा. ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने परत बांधायचं. वर आलेला कागद ‘सोयीसाठी’ वर ठेवला की पुढच्या माणसासाठी तो हरवला.

५. आधी सगळं पुडकं भरभर चाळा, मग वाचायला बसा. पहिल्याच कागदाशी तीन तास झगडून संध्याकाळ करणं हा नवख्यांचा ठरलेला कार्यक्रम.

नाव शोधताना लक्षात ठेवा की जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतं. ‘राणोजी बिन संताजी मोकदम मौजे अमुक’ असं असतं. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमुकाचा मुलगा. पाटील, मोकदम, कुळकर्णी, चौगुला हे हुद्दे आहेत. तुमचं आजचं आडनाव पाटील असेल म्हणून प्रत्येक पाटील तुमचा पूर्वज होत नाही. बाप-लेकाची जोडी आणि गाव, दोन्ही जुळलं तरच पुढे जा.

सावध: फोटो काढण्याची परवानगी गृहीत धरू नका. विचारा, आणि दिली तर कोणत्या अटीवर ते लिहून ठेवा.

## ८. संदर्भ असा लिहा की परक्यालाही कागद काढता यावा

मी स्वतः इथे सपशेल आपटलो आहे. सुरुवातीच्या काळात एका दप्तरखान्यात चार दिवस बसून वतनाच्या तंट्याचा निवाडा शोधला, पानभर उतरवून घेतला, आणि वहीत वर रुमालाचा क्रमांक लिहिला. फक्त रुमालाचा. दोन वर्षांनी प्रमाणित प्रत काढायला गेलो तर त्या रुमालात पुडकी अकरा, आणि प्रत्येकात शंभराच्या आसपास कागद. तो निवाडा पुन्हा हाती यायला तीन दिवस लागले.

म्हणून प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर, मजकूर उतरवण्याआधी, हे लिहायचं: कार्यालय, शाखा किंवा दप्तराचं नाव, रुमाल क्रमांक, पुडकं क्रमांक, कागद क्रमांक, मूळ तारीख, आणि तुम्ही पाहिल्याचा दिवस. मुंबईच्या इंग्रजी दप्तरासाठी खातं, वर्ष, खंड क्रमांक आणि कंपायलेशन क्रमांक (कंपायलेशन म्हणजे खंडातलं एक प्रकरण). तिथे खंड लिहून कंपायलेशन सोडणं ही तशीच चूक. एका खंडात बरीच प्रकरणं असतात.

कागदावर क्रमांकच नसेल तर पहिली आणि शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवा, कागदाची लांबी-रुंदी आणि शिक्क्याचं वर्णन लिहा. याच खुणांवरून तो पुन्हा ओळखता येतो.

तपासून घ्या: निघण्यापूर्वी वही शेजारच्या माणसाला द्या आणि विचारा, “एवढ्यावरून तुम्ही हा कागद मागवू शकाल का?”

## ९. नक्कल मागताना

साधी छायाप्रत, स्कॅन आणि प्रमाणित प्रत हे तीन वेगळे प्रकार आहेत. अर्जात ‘झेरॉक्स मिळावी’ असं लिहिलं की झेरॉक्सच मिळते. प्रमाणित प्रत हवी असेल तर ‘प्रमाणित प्रत मिळावी’ असंच लिहा.

अर्जात आठव्या टप्प्यातला पूर्ण संदर्भ, पानांची संख्या, प्रयोजन आणि किती प्रती हव्यात ते. दोन मागवा. एक दाखल करायला, एक घरी. आणि एक वाक्य न विसरता घाला: ‘कागदाच्या दोन्ही बाजू, शिक्के व शेऱ्यांसह’. मोडी कागदाच्या पाठीवर ‘बार’, ‘रुजू’ असे शेरे असतात, लांब कागद जिथे चिकटवला आहे त्या जोडावर शिक्का असतो. नुसती पुढची बाजू आली तर कागद दप्तरात चढवला आणि तपासला गेला होता याचा पुरावाच तुम्ही मागे सोडून आलात.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. फी कार्यालय सांगेल तशी भरा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचा. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका, कितीही गोड असलं तरी.

नक्कल हातात आली की काउंटर सोडण्याआधी तपासा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम ७५ (जुन्या पुरावा कायद्यातलं ७६) सांगतं की प्रतीखाली ती खरी प्रत असल्याचा दाखला हवा, त्यावर तारीख हवी, अधिकाऱ्याची सही, नाव आणि हुद्दा हवा, आणि जिथे मोहोर वापरायचा अधिकार आहे तिथे मोहोर हवी. सही आहे पण नाव-हुद्दा नाही, शिक्का आहे पण तारीख नाही, हे रोजचं आहे. तिथल्या तिथे दुरुस्त होतं. नंतर दुसरी फेरी.

महसूल किंवा न्यायालयाच्या आदेशाची नक्कल असेल तर मागे अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. तीही पाहा. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ वगळता येतो, पण या तारखा दिसल्या तरच.

## १०. मोडीचं देवनागरी

प्रमाणित प्रत मोडीतच येणार. समितीला किंवा न्यायालयाला ती वाचता येत नाही. म्हणून लिप्यंतर वेगळं करून घ्यावं लागतं. मोडी जाणकार कोण, याची चौकशी पुराभिलेख कार्यालयातच करा, आणि ज्या ठिकाणी कागद दाखल करायचा आहे तिथे कोणाचं लिप्यंतर चालतं हे आधी विचारा. भाचीने मोडीचा वर्ग केला आहे म्हणून तिच्याकडून करून घेतलेलं लिप्यंतर वाचायला चांगलं, दाखल करायला बहुधा नाही.

मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे नावं दोन प्रकारे वाचता येतात. लिप्यंतरकाराला तुमचं हवं ते नाव आधी सांगू नका. कोरा कागद वाचू द्या. आणि जे आहे तेच लिहायला सांगा: जातीच्या रकान्यात ‘कु.’ असेल तर लिप्यंतरातही ‘कु.’. फोड करायची असेल तर खाली टीप म्हणून. मूळात नसलेलं अक्षर लिप्यंतरात दिसलं की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

## ११. ‘अभिलेख आढळून येत नाही’ म्हटलं तर

ते लेखी मागा. ‘अमुक गावचा अमुक सालचा नमुना शोधला असता आढळला नाही’ असं पत्र कामाचं असतं. दुसऱ्या पुराव्याकडे का वळलात, याचं उत्तर त्यात असतं. कागद जीर्ण आहे म्हणून हाताळायला दिला नाही, तर समक्ष पाहणी किंवा स्कॅनची विनंती लेखी करा.

उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, समाधान न झाल्यास पहिलं अपील ३० दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. पण या अर्जाने कोणी तुमच्यासाठी संशोधन करत नाही: जे दप्तरात आहे त्याची प्रत मिळते, कागद वाचून, लिप्यंतर करून, वंशावळ लावून देणं त्यात बसत नाही. ‘आमच्या पूर्वजांची सर्व माहिती द्यावी’ या अर्जाला मिळणारं उत्तर तुम्ही आत्ताच लिहू शकता. त्याऐवजी गाव, नमुना क्रमांक आणि साल देऊन पाहणीची तारीख मागा. जिथे नकलेचा स्वतःचा अर्ज आणि फी ठरलेली आहे, तिथे आधी त्या वाटेने जा.

प्रमाणित प्रत घरी आली की लॅमिनेशन करू नका. मोहोर आणि सही तपासता येत नाही म्हणून अशी प्रत नाकारली जाऊ शकते. दोन्ही बाजू स्कॅन करा, फीची पावती आणि अर्जाची पोच त्याच पाकिटात ठेवा, आणि पाकिटावर पेन्सिलीने रुमाल क्रमांक लिहा.